‘दुखत नाही ना, मग झालं!’

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझे सासरे आप्पा ६६ वर्षांचे आहेत. डायबिटीस १५ वर्षांपासून, मेटफॉर्मिन सुरू आहे, उपाशीपोटी शुगर १८०–२०० असते. गेल्या बुधवारी भर दुपारी ते खजरान्याच्या गणपतीला गेले. घरी आल्यावर चादरीला डाग दिसला म्हणून मी पाय पाहिले, तर उजव्या तळव्याला रुपयाएवढा फोड! त्यांना पत्ताच नव्हता. दाखवायला चला म्हटलं तर म्हणतात, “दुखत नाही ना, मग झालं!” तीन वर्षांपूर्वी रात्री त्यांच्या तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. आता ते थांबलंय, म्हणून पाय सुधारले असं त्यांना वाटतं. काय करू?
— एक सून, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं, म्हणून ‘आजच दाखवा’ हे तुम्हाला फोनवर सांगितलंच. बाकीचं सगळ्यांसाठी लिहिते, कारण असे आप्पा आपल्याकडे घरोघरी आहेत.

आग थांबली ती पाय सुधारले म्हणून नाही. आग होत होती तेव्हा नसा (रक्ताच्या नव्हे, संवेदनेच्या) आजारी होत्या, पण जिवंत होत्या, ओरडत होत्या. आता ओरडायलाच कोणी उरलेलं नाही.

हे पायांपासूनच का सुरू होतं? पायाच्या बोटातली टोचणी वर नेणारी पेशी बसते कमरेत, मणक्यापाशी. तिचा एकच तंतू तिथून निघून थेट बोटाच्या टोकापर्यंत जातो. लांबी जवळजवळ एक मीटर, जाडी केसाहून कितीतरी कमी. त्या टोकाला लागणारी बरीचशी सामग्री वर कमरेत तयार होते आणि तंतूच्या आतून खाली जाते. त्यातले काही घटक दिवसाला जेमतेम एक-दोन मिलीमीटर सरकतात. म्हणजे बोटापर्यंत पोचायला वर्षाहून जास्त! आपल्याकडे इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून पाइपलाइनीने सत्तर किलोमीटर चढून येतं. दाब जरा कमी झाला की पहिली ओरड लाइनीच्या शेवटच्या घरातून येते. तसंच हे. नसेच्या पेशीला साखर आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही. रक्तात जितकी वाढेल तितकी आत शिरते आणि तिथलं काम बिघडवते. त्यात नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही जाड होतात. मग सगळ्यांत लांबचं टोक आधी मरतं. बधिरपणा बोटांतून वर चढतो, मोजा चढवावा तसा.

नुसती संवेदनाच जाते असंही नाही. घाम आणणारे तंतू गेले की टाच कोरडी पडून भेगाळते आणि जंतूंना दार उघडं मिळतं. पंजातले छोटे स्नायू दुबळे झाले की बोटं आत वळतात आणि सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो. तिथे घट्टा पडतो, घट्ट्याखाली जखम. माणूस त्याच जखमेवर दिवसभर चालतो, कारण लंगडायला लावणारी वेदनाच नाही.

माझ्या आईचं सांगते. जानेवारीतली थंडी, पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन झोपली. सकाळी म्हणाली, “किती छान झोप लागली गं!” मी चादर उचलली तर टाचेपासून घोट्यापर्यंत फोड. भरून यायला तीन महिने लागले. दर महिन्याला तिची शुगर मी स्वतः तपासत होते. तळवे मात्र वर्षभरात एकदाही उलटून पाहिले नव्हते. ते मला अजून बोचतं. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात डायबिटीसचा पेशंट आला की आधी चपला-मोजे काढायला सांगते.

आता आप्पांचं. फोड घरी फोडू नका. हळद-तेल नको, टूथपेस्ट नको, घट्ट्यावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या तर मुळीच नकोत. बधिर पायावर त्या कातडी जाळतात. पाय लाल झाला, सुजला, पू किंवा वास आला, ताप आला, तर रात्रीही थांबू नका. एरवी आटोक्यात असलेली शुगर अचानक उसळली तरी पाय बघा. जिथे दुखतच नाही तिथे कधीकधी तेवढीच खूण मिळते. पायाच्या नाडीची तपासणीही करून घ्या, कारण रक्त पोचत नसेल तर जखम भरत नाही. आणि बी-१२! मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने ते कमी होऊ शकतं, शाकाहारी घरांत तर जास्तच, आणि त्यानेही अगदी असाच बधिरपणा येतो. ते भरून काढता येतं, म्हणून तपासल्याशिवाय सगळं साखरेच्या माथी मारू नये.

‘पाय कापावा लागेल का’ असं तुम्ही फोनवर भीत भीत विचारलंत. ताई, फोड आणि ती वेळ यांच्या मध्ये सहसा बरेच दिवस असतात. ते दिवस तुमच्या हातात आहेत. मेलेली संवेदना बहुतेक परत येत नाही, हे मात्र खरं. म्हणून आता त्यांच्या तळव्यांचं काम डोळ्यांनी करायचं. रोज रात्री आरसा धरून तळवे पाहा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. घरातही चप्पल. आंघोळीचं पाणी त्यांनी पायाने बघू नये, तुम्ही हाताने बघा. गणपती बंद करा असं मी म्हणणार नाही. जखम भरली की सकाळी लवकर, फरशी तापायच्या आत, जाड सुती मोजे घालून जाऊ दे.

आप्पांना पटवायचं कसं? डॉक्टरांकडे नायलॉनचा एक ताठ दोरा असतो. तळव्यावर टेकवून तो वाकला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. आप्पांना डोळे मिटायला सांगतील आणि ‘लागलं की हो म्हणा’ म्हणतील. तुम्ही शेजारी उभ्या राहा. दोरा चवड्याला टेकून वाकलेला असेल आणि आप्पा विचारतील, “सुरू कधी करताय?” तेव्हा त्यांना डोळे उघडून पाहू दे.