तबला घेऊन न्यू जर्सीला येऊ का, असं विचारलंस म्हणून

तू लिहिलंस, की विशारद झालंय, सांगलीत क्लास चालतो, महिन्याला चार-पाच कार्यक्रम मिळतात. न्यू जर्सीतली एक संगीतशाळा ओ-१ व्हिसावर बोलावतेय. बायको बँकेत, मुलगी सात वर्षांची. जाऊ का? दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, आता रात्रीचा एक वाजलाय.

कागदपत्रांची यादी वकील देईल. त्या यादीत नसतं ते सांगतो. या व्हिसासाठी तुझी गुणवत्ता असामान्य आहे, हे छापील पुराव्यानिशी दाखवावं लागतं. मी आईला माळ्यावरची सगळी कात्रणं काढायला लावली. प्रत्येकात गायकावर चार परिच्छेद आणि शेवटी आपली ती ठरलेली ओळ, ‘तबल्यावर अमुक यांनी समर्पक साथ केली.’ दोन ठिकाणी तर अमुकचं नावही चुकलेलं. पानामागे पैसे मोजून त्या सगळ्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घेतलं. वकीलबाईंनी वाचलं आणि शांतपणे विचारलं, "पण यात तुम्ही कुठे आहात?"

अठरा वर्षं वाजवून या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा सोलो वाजवशील तिथली पत्रिका, फोटो, जे मिळेल ते आजपासून जपून ठेव. ज्यांना साथ करतोस त्यांच्याकडून पत्रं घे. ‘गुणी कलाकार, अनेक शुभेच्छा’ छापाची नकोत. कुठे, कधी, किती वेळ, काय वाजवलंस, असं सगळं त्यात यायला हवं.

वाद्यं स्वतःबरोबर आण. २०१८ साली मी विद्यार्थ्यांसाठी सहा तबले मालवाहतुकीने मागवले. खोडं शिसवाची. वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जाती आल्या होत्या, विक्रीच्या मालाला परवाना हवा होता. दुकानदाराला पत्ता नाही, मला नाही. माल अडकला तो अडकलाच. २०१९च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली, तोवर माझे पैसे बुडाले होते. आणि पुड्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावरची कातडी, जास्तीच्या आण. इथे हिवाळ्यात घरभर हीटर चालतो, हवा कोरडी ठक्क होते. रात्री काळी दोनच्या स्वराला लावलेला तबला सकाळी अर्धा स्वर वर, पांढरी तीनला चढलेला सापडतो. पहिल्या जानेवारीत माझ्या पुडीवरच्या काळ्या शाईला भेग गेली, मग कण सुटायला लागले. बोटाखाली खरखर लागायची. पुडी बसवून देणारा माणूस चार तासांवर. खोलीत आर्द्रता मोजायचं यंत्र ठेव, महाग नसतं.

काम म्हणजे शिकवणं, हे मनाशी पक्कं करून ये. शनिवारी पोहणं आणि गणिताचा क्लास यांच्यामध्ये पोरं तुझ्याकडे अर्धा तास येणार. गुणी असतात, चटकन उचलतात, पण घरी हात फिरवत नाहीत. झाकीरभाईंचं उदाहरण मला देऊ नकोस. सगळेच देतात. ते १९७०च्या सुमारास अमेरिकेत आले, कॅलिफोर्नियात राहिले, खरं आहे. पण मागे वडिलांची, अल्लारखाँसाहेबांची तालीम होती, आणि वर्षानुवर्षं हिवाळ्यात ते भारतात वाजवायला जायचे. आपण डिसेंबरात, ऐन सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत, अंगणातला बर्फ काढत असतो.

मुलीच्या शाळेचं विचारलंस. शाळा चांगल्या आहेत. माझ्या लेकाचं मात्र अजून खुपतं. सहावीत असताना तो शाळेच्या बँडसाठी तालवाद्यांच्या निवडीला गेला. पाच वर्षं माझ्याकडे शिकलेला. ‘धाधा तिट धाधा तीना’ हा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, त्याने हातावर ताल धरून म्हणून दाखवला, मग दुगुणीत. मास्तर म्हणाले, ‘छान, पण नोटेशन वाचता येतं का?’ येत नव्हतं. त्याच्या हातात लोखंडी त्रिकोण दिला. त्यानंतर त्याने घरातल्या तबल्याला हात लावला नाही. मी शाळेत जाऊन बोलायला हवं होतं. व्हिसाची मुदतवाढ अडकलीय, उगाच वाद नको, असं बायकोला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं, मला इंग्रजीत भांडता येत नव्हतं.

तुझ्या बायकोला तुझ्या व्हिसावर इथे नोकरी करता येणार नाही. माझी सहा वर्षं घरी बसली. तिला आधी विचार, आणि ती ‘बघू’ म्हणाली तर तो होकार समजू नकोस. मी समजलो होतो.

एकटेपणा? असतो. सवय होते. त्याचं फार मनावर घेऊ नकोस.

रियाज मोबाइलच्या लेहऱ्यावर, त्याच त्या फिरत्या सुरावटीवर होतो. लेहरा बिनचूक असतो, थकत नाही, तुझ्याकडे बघतही नाही. परवा इथल्या एका मैफलीत झपताल वाजवताना तीनदा वाजवून समेवर यायची माझी तिहाई एक मात्रा आधी संपली. गायक चमकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कार्यक्रमानंतर दोघांनी नेमक्या त्याच जागेचं कौतुक केलं. मिरजेत असतो तर पहिल्या रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्याने नुसती मान वर करून बघितलं असतं, आणि मला आठवडाभर झोप लागली नसती. इथे मी घरी येऊन जेवलो आणि झोपलो.

काय ठरेल ते कळव. आलासच तर काळी दोनच्या दोन पुड्या माझ्यासाठी आण. पैसे देतो.