७ वर्षांच्या मुलीची नवीन दाढ पिवळट आणि ठिसूळ आहे, गार पाणी लागलं की रडते. दुधाची समजून सोडून द्यावी का?

नाही ताई, सोडून देऊ नका. दुधाच्या दाढांच्या मागे, साधारण सहाव्या वर्षी, एकही दात न पडता जी दाढ येते ती कायमची असते. तिच्या जागी दुसरी येत नाही.

मी मालवणजवळ राहते. माझ्या मुलाच्या दाढा अशाच आल्या, पिवळट-तपकिरी, कडा झिजलेल्या. पावसाळ्यात विहिरीच्या गार पाण्याने चूळ भरायची म्हटलं की तो पळायचा. डाव्या बाजूने चावायचाच नाही, डब्यातली भाकरी तशीच परत यायची. ब्रश लागला की कळ जायची, म्हणून तिथे घासणं टाळायचा, आणि घासलं नाही म्हणून तिथेच कीड. मी त्याला आळशी म्हणून ओरडले, चॉकलेटं बंद केली. त्याचं अजून वाईट वाटतं.

दोष त्याचा नव्हताच. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, चांगलं असेल तर जवळपास ९६ टक्के खनिजांचं असतं. या दाढांचं कवच जन्मापासून पहिल्या तीनेक वर्षांत, हिरडीच्या आतच तयार होतं. तेव्हाच त्यात खनिजं कमी भरली, तर दाढ बाहेर येते तीच कच्ची, आणि चावण्याच्या जोराने तिचे टवके उडतात. बाळपणीच्या तापाशी, आजारपणाशी याचा संबंध दिसतो, पण एकच असं कारण नाही. गेलेलं कवच शरीर पुन्हा बनवत नाही, म्हणून लवकर जायचं.

तुमच्या मुलीचं नेमकं काय आहे ते लहान मुलांचे दंतवैद्य बघूनच सांगतील. माझ्या मुलाला आधी फ्लुओराइडचं वार्निश, म्हणजे कवच घट्ट राहायला दातावर लावतात तो लेप, लावलं, मग एका दाढेवर स्टीलची टोपी बसवली. अशा दाढेवर बधिर करायचं इंजेक्शन कधीकधी नीट लागू पडत नाही. मूल दुखतंय म्हणालं तर ‘नाटक करू नको’ म्हणू नका, डॉक्टरांना थांबायला सांगा.

घरी मऊ ब्रश, कोमट पाणी, वाटाण्याएवढी फ्लुओराइडची पेस्ट. पेस्ट थुंकायची, पण नंतर खळखळून चूळ भरायची नाही. मशेरी मुलांच्या हाताला लागू देऊ नका. कैरी-मीठ, आवळा, कोकम सरबत आपल्याकडे सुटणार नाही, पण दिवसभर थोडं थोडं चालू नको. जेवणासोबत द्या, वर साधं पाणी प्यायला द्या आणि अर्धा तास ब्रश नको. आंबटाने चांगले दातही आंबतात, इथे तर कवचच कच्चं.

समोरचे नवे दातही बघून घ्या. तिथेही पांढरे-पिवळे डाग येतात आणि मुलं त्यावरून चिडवतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक आलं की दाढ आवर्जून दाखवा. बाईंनाही सांगून ठेवा. मी वर्षभर दप्तरात कोमट पाण्याची बाटली देत होते.