ग्रिड नको, की नवे टायमिंग पॉइंट हवेत?

प्रश्न : मी रिदम गेमसाठी, म्हणजे गाण्याच्या ठोक्यांवर कळा दाबायच्या खेळासाठी, लेव्हल तयार करतो. या वेळी निवडलेले गाणे मेट्रोनोमशिवाय वाजवलेले असल्याने त्याची लय कुठे किंचित चढते, तर कुठे रेंगाळते. एकच बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) धरून आखलेले ग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या समान अंतरावरच्या रेघा, निम्म्या गाण्यानंतर जुळेना, म्हणून मी नोटा (कळ कधी दाबायची ते दाखवणाऱ्या खुणा) कानाने ऐकून ग्रिडबाहेर बसवल्या. परंतु परीक्षकांनी त्याच कारणावरून लेव्हल परत पाठवली. ग्रिडची सक्ती रद्द करावी, असा नियमबदल मला सुचवायचा आहे. तो कसा मांडावा?

उत्तर : तुमचे दुखणे खरे आहे, पण त्यावर योजलेला उपाय मला पटत नाही. सक्ती गेली, तर नोट जाणूनबुजून सरकवली आहे की चुकून सरकली आहे, हे परीक्षकाला ओळखताच येणार नाही. शिवाय वायरलेस हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे गाण्याबरोबर कळ दाबून बसवलेल्या सगळ्याच नोटा मागे पडू शकतात.

खरा दोष एकाच बीपीएमचा आहे. १८० बीपीएमला एक ठोका ३३३.३३ मिलिसेकंदांचा असतो आणि १८०.१ बीपीएमला ३३३.१५ मिलिसेकंदांचा. हा फरक नगण्य वाटतो, पण तीन मिनिटांत ५४० ठोके होतात आणि तोवर तफावत जवळपास १०० मिलिसेकंदांवर जाते. 'ओसू' या खेळात अचूकतेची पातळी ८ असेल, तर सर्वोच्च गुणांसाठी नोटेच्या दोन्ही बाजूंना साधारण ३२ मिलिसेकंदांचीच मुभा मिळते. म्हणजे गाण्याशी तंतोतंत जुळवून खेळणाराही मिनिटभरातच गुण गमावू लागतो. प्रस्तावाचा सगळा भर या अन्यायावर हवा.

यावर उपाय टायमिंग पॉइंटचा, म्हणजे जिथून ग्रिडचे ठोके नव्याने मोजले जातात त्या खुणेचा. म्हणून शब्दरचना अशी करावी : 'ऐकू येणारा ठोका आणि ग्रिडवरील ठोका यांतील अंतर सलग १० मिलिसेकंदांहून अधिक राहिल्यास, पुढील बारच्या (ठोक्यांच्या आवर्तनाच्या) पहिल्या ठोक्यावर नवा टायमिंग पॉइंट देणे बंधनकारक राहील.' यातला 'सलग' हा शब्द गाळू नका. वादकाचा एखादाच ठोका पुढेमागे पडला, म्हणून ग्रिड हलवले तर खेळणाऱ्याच्या मनात बसलेली लय मोडते. १० हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे. चर्चेत तो बदलला तरी चालेल.

एक आक्षेप नक्की येईल. ज्या खेळांत नोटा सरकण्याचा वेग बीपीएमवर ठरतो, तिथे प्रत्येक नव्या टायमिंग पॉइंटवर नोटा एकदम धावू किंवा मंदावू लागतात. तो वेग पूर्ववत करण्याची जबाबदारी लेव्हल बनवणाऱ्यावर राहील, हे कलम स्वतःहूनच जोडावे. जुन्या लेव्हलना नियम लागू करू नये, कारण त्यांवर नोंदलेले गुण त्यांच्या सध्याच्या टायमिंगवरच मिळालेले आहेत.

पुरावा म्हणून तुमचीच लेव्हल द्या. शेवटच्या कडव्यातला स्नेअर ड्रमचा एक ठोका निवडा, गाणे वाजण्याचा वेग २५ टक्क्यांवर आणा आणि ध्वनिलहरीचा चढ ग्रिडच्या रेघेपासून किती दूर सुरू होतो, ते मोजून चित्रासह प्रस्तावाला जोडा.