मे महिन्यात काळं जॅकेट?

तुमची गोष्ट मला कळली ती अशी: १२ मिनिटांचा थ्रिलर लघुपट, लातूरजवळचं गाव, कृषी सेवा केंद्राचा मालक गायब. संशय मेहुण्यावर, खरा गुन्हेगार दुकानातला हिशेबनीस. आणि त्या हिशेबनिसाला काळं जॅकेट द्यायचं का, असं विचारताय.

नका देऊ. मे महिन्यात लातुरात जॅकेट घालून कुणी फिरला तर लोक आधी विचारतील, 'ताप आलाय का?' शिवाय पहिल्याच शॉटमध्ये 'हाच तो' हे कळलं, तर पुढची ११ मिनिटं कशाला बघायची?

मी नाटकांचा कपडेपट सांभाळत लघुपटांकडे आलो. तिथली एक सवय अजून आहे: कपडे ठरवायच्या आधी त्या माणसाचा दिवस लिहून काढायचा. तुमचा हिशेबनीस सकाळी शटर उघडतो, खताची पोती मोजतो, दिवसभर उधारीची वही लिहितो. म्हणजे फिक्या रंगाचा टेरिकॉटचा शर्ट, उजव्या बाहीची कड वहीवर घासून काळवंडलेली. आणि खिसा! पावत्या, छोटी डायरी, दोन पेनं, मोबाईल कोंबून कोंबून तो ओघळलेला असतो, तळाशी शाईचा निळा डाग. गुन्ह्यानंतरच्या सीनमध्ये हाच खिसा सपाट दाखवा. डायरी कुठे गेली, हे कुणाच्या तोंडी घालू नका. चौकस माणूस पकडेल, बाकीच्यांना शेवटी आठवेल.

मेहुण्याला मात्र भडक करा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात जाड चेन. पायात टाच झिजलेली चप्पल. संशय कपड्यांमुळे येतो, आणि याच्याकडे दमडी नाही हे चप्पल सांगते. फक्त मे महिन्याच्या उन्हात पांढराशुभ्र कॅमेऱ्यात जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो, म्हणून शर्ट चहाच्या पाण्यातून काढा. सुती असेल तरच. टेरिकॉटला चहा नीट चढत नाही. बारीक रेघा आणि चौकडाही टाळा, पडद्यावर थरथरतात.

मालकाच्या बायकोला दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नको. गर्दीतल्या शेतकऱ्यांना बियाणे कंपन्यांच्या फुकटच्या टोप्या चालतील, नाव तेवढं झाका.

रात्रीचा सीन पिवळ्या सोडियमच्या दिव्याखाली असेल तर सावध. त्या उजेडात लाल आणि निळा दोन्ही मातकट दिसतात. ओढणीच्या रंगावर पुरावा टेकवला असेल, तर आधी त्याच दिव्याखाली शूटिंगच्याच कॅमेऱ्याने बघून घ्या.

राहिलं रक्त. झटापटीच्या शर्टाचे एकाच ताग्यातून तीन नग शिवून घ्या आणि तिन्ही सारखेच जुने करा. आम्ही एका लघुपटात एकावर भागवलं. पहिल्याच टेकला पोटावर रक्त सांडलं, धुतलं तरी गुलाबी छटा राहिली, आणि त्याच शर्टातले, गोष्टीत आधी येणारे चार सीन अजून शूट व्हायचे होते. नट चारही सीनभर पोटावर हात ठेवून वावरला. बघणाऱ्यांना वाटलं, याला कुणीतरी विष घातलंय.