विहिरीचं पाणी आणि पाचशेचा स्टॅम्प

प्रश्न : आमची विहीर औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापासून दोन शेतं खाली आहे. मे २०२२ पासून पाणी लालसर येतं, वर तवंग, हात धुतले की खाज. शेजारचा रसायनांचा कारखाना मध्यंतरी विकला गेला. नवे मालक म्हणतात, घाण जुन्यांची. तरी विहीर एकदा उपसून देतो, रोज टँकर आणि एकरकमी दोन लाख देतो, फक्त पाचशेच्या स्टॅम्पवर सही करा. करू का?

उत्तर : आहे त्या मसुद्यावर करू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चौथी अट आहे, ‘पाण्याबाबत यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही.’ मेख तिथेच आहे. दाद मागायची वाटच बंद करणारी अट करार कायद्याच्या कलम २८ पुढे टिकत नाही. पण ‘हिशेब मिटला’ म्हणून पैसे घेतलेत, तर उद्या भरपाई मागताना तोच कागद तुमच्यापुढे नाचवतील. टँकर खुशाल घ्या. पोच देताना मात्र ‘सर्व हक्क राखून’ असं स्वतःच्या हातानं लिहा.

विहीर उपसल्यानं काही होणार नाही. कारखान्याच्या आवारात गाळ पुरलेला असेल, तर दर पावसाळ्यात तो पुन्हा झिरपेल, आणि आपल्या काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी कुठे निघेल याचा नेम नसतो. आधी उगम शोधायचा, दूषित माती काढायची, निरीक्षणासाठी बोअर घ्यायचे, मग पाणी उपसून शुद्ध करत राहायचं. हे वर्षानुवर्षांचं काम आहे आणि तुमच्या एकट्याच्या सहीनं ते कुणाला माफ होत नाही.

जुना-नवा मालक हा त्यांचा आपसातला वाद. दोघांनाही प्रतिवादी करा. राजस्थानातल्या बिछडी गावात एच-ॲसिड या रंगनिर्मितीतल्या रसायनाच्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घातक उद्योग करणाऱ्यानं कितीही काळजी घेतली असो, नुकसानभरपाई आणि सफाई दोन्हींचा खर्च त्याचाच. तरी तिथल्या सुमारे ३७ कोटींच्या वसुलीसाठी २०११ मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला, तोही चक्रवाढ व्याजासकट. म्हणून लवकर निकालाची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

तुमचा अर्ज पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठात, त्याच्याच कायद्याच्या कलम १५ खाली. मुदत दाव्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षं, म्हणजे तुमची मे २०२७ ला भरते. पुढचे ६० दिवस सबळ कारण दाखवलंत तरच. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का. दहा लाख मागितलेत तर दहा हजार. आकडा फुगवण्याआधी हे लक्षात ठेवा.

बिसलरीच्या बाटलीत भरून आणलेलं पाणी कुणी पुरावा मानत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसालाच बोलवा, तलाठी आणि सरपंचांसमोर पंचनामा करा, बाटलीच्या सीलवर सह्या घ्या. त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी तक्रार देऊन शिक्क्याची पोच घ्या. जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आलेत. तक्रारीत त्यांचा उल्लेख करून स्थळतपासणी मागा. माहिती अधिकारात कारखान्याला मंडळानं दिलेलं संमतीपत्र आणि घातक कचऱ्याची विवरणपत्रं मिळवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळपास असेल, तर २०२२ आधीच्या तिच्या नोंदीही मागा. तुमचं पाणी आधी चांगलं होतं, हे त्याच सांगतील.

आणि जनावरांना ते पाणी आजपासून बंद करा.