रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि डीडीआर५ प्रकारची रॅम असलेल्या नव्या गेमिंग पीसीचे पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो, काय तपासावे?
तुमचा प्रोसेसर रायझन ५ ७६०० आणि रॅम डीडीआर५ असल्याने पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड रॅमचा वेग जुळवण्यात काही मिनिटे घालवतो आणि तोवर पडदा काळाच राहतो. म्हणून कृपया घाईने बटण दाबू नका, पंधरा मिनिटे थांबा. तरीही बोर्डावरचा, रॅमची अडचण दाखवणारा 'डीरॅम'चा दिवा विझला नाही, तर वीज पूर्ण बंद करून रॅमची एकच पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या क्रमांकाच्या स्लॉटमध्ये घट्ट दाबून बसवा. माझ्या जोडणीत रॅमचे एक टोक जेमतेम मिलिमीटरभर वर राहिले होते, आणि ते सापडेपर्यंत अख्खी रात्र गेली. या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड काढून एचडीएमआय केबल थेट मदरबोर्डला लावल्यावर चित्र दिसले, तर दोष कार्डात किंवा त्याच्या वीजजोडणीत शोधावा.