पहिलं इटालियन सँडविच? पानेल्ले घ्या

रत्नागिरीत टपरीवर पहिल्यांदाच इटालियन सँडविच खाणार असाल तर चीज-बीज राहू द्या, सिसिलीतल्या पालेर्मो शहराचं पानेल्ले मागा. काबुली चण्याच्या पिठात तिप्पट पाणी, मीठ, पार्स्ली (कोथिंबिरीसारखा पाला) घालून सतत घोटत शिजवायचं, पातळ थापायचं, गार झालं की वड्या तळून तिळाच्या पावात. कोथिंबीरवडीची चुलत बहीणच म्हणा! वडी बोटभर जाड दिसली तर नको, आत पिठूळ लागते. तीन-चार मिलिमीटर पुरे. तेल नीट तापलेलं नसेल तर वडी तेल पिते आणि पावाच्या तळाशी डाग उमटतो. वर फक्त लिंबू पिळायला सांगा. सॉसने चण्याची चव मरते. पार्सल मुळीच नको, आपल्या दमट हवेत कागदात गुंडाळलेली वडी लगेच मऊ पडते.